परग्रहावरचा शनिवार : धर्मनिर्णय, शेजार आणि विज्ञानकथा

१

मराठीतील विज्ञानकथेची चर्चा आजवर बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. कथेतील विज्ञान विश्वसनीय आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि ते कथेच्या घडणीत कितपत मुरले आहे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आवश्यकच आहेत. परंतु त्यांच्या सावलीत एक तिसरा प्रश्न राहून गेला आहे. परग्रहावर गेलेला माणूस आपला आचार बरोबर नेतो काय, आणि नेत असेल तर तेथे त्या आचाराचे काय होते?

काही वर्षांपूर्वी विज्ञानसाहित्यावरील तासाला नरखेड तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, मंगळावर एकादशी कोणत्या दिवशी धरायची?" वर्ग हसला, हसण्यात मीही सामील होतो. ते हसणे पुढे मला खुपत राहिले, कारण प्रश्न हास्यास्पद नव्हता. एकादशी ही सूर्योदयावर आणि तिथीवर, म्हणजे एका विशिष्ट ग्रहाच्या फिरण्यावर व त्याच्या एका उपग्रहावर अवलंबून असलेली गोष्ट आहे. ग्रह बदलला की व्रत कशाला टांगायचे, हा विचार तर्कशुद्ध आहे. तो आम्हाला विनोदी का वाटला, याचे उत्तर आपल्या साहित्यव्यवहारात शोधावे लागेल.

हा प्रश्न हसण्यावारी न नेता त्याला शास्त्रार्थाचा आणि पुढे कथेचाही विषय करणारी एक परंपरा जगात आहे. ती म्हणजे ज्यू परंपरा. ज्यू धर्मनियम परग्रहावर कसे पाळावेत, या विषयावर धर्मपंडितांनी लिहिले आहे आणि विज्ञानकथाकारांनीही. या लेखनाकडे पाहून आपल्या विज्ञानकथेविषयी काही म्हणता येईल काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : या विषयातील खरी अडचण सूर्यचंद्रांची नाही. परक्या ठिकाणी धर्मनियम टिकतो तो शेजाऱ्यांच्या भाषेच्या आणि कालगणनेच्या आधाराने. आणि त्याची कठोर परीक्षा होते ती परतल्यावर, स्वकीयांपुढे. हे सिद्ध करणारे उदाहरण कल्पित ग्रहावरचे नसून कोकणच्या किनाऱ्यावरचे आहे, आणि ते मराठी भाषेत घडले आहे.

२

ज्यू धर्मनियमांना ‘हलाखा’ म्हणतात. या हिब्रू शब्दाच्या मुळाशी ‘चालणे’ हा अर्थ आहे. आपल्याकडील ‘पंथ’ या शब्दाप्रमाणेच येथेही धर्म म्हणजे चालण्याची वाट होय. वाट म्हटली की भूमी आली. हलाखाच्या अनेक नियमांत भूमी अशी अंतर्भूत आहे. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी तारे दिसू लागल्यावर संपतो. महिना चंद्राच्या नव्या कोरीवर बेतलेला आहे. सातव्या वर्षी शेत पडीक ठेवण्याचा नियम तर इस्रायलच्या भूमीपुरताच आहे. म्हणजे काही नियम पृथ्वीच्या गतीशी, काही चंद्राशी, तर काही एका देशाच्या मातीशी बांधलेले आहेत.

मंगळाचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते. मंगळाचा सौर दिवस सुमारे २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंदांचा आहे. तेथील सूर्यास्त मोजून सातवा दिवस पाळला, तर प्रत्येक आठवड्याला पृथ्वीवरील आठवड्याच्या मानाने साडेचार तासांहून अधिक फरक पडत जाईल, आणि सुमारे सदतीस दिवसांत एक पूर्ण दिवस हरवेल. मंगळावरचा शनिवार मग जेरुसलेमच्या रविवारी येईल, पुढे सोमवारी. महिन्याचे तर विचारूच नये. मंगळाला फोबोस आणि डिमोस हे दोन उपग्रह आहेत; त्यांतील फोबोस आठ तासांहूनही कमी वेळात प्रदक्षिणा करतो, पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. त्याची ‘अमावास्या’ दिवसातून अनेकदा यायची.

अंतराळयुगाने हा प्रश्न उभा केला असला तरी त्याचा गाभा जुना आहे. तालमुदाच्या ‘शब्बाथ’ या प्रकरणात वाळवंटात वाट चुकलेल्या माणसाची चर्चा येते. आज वार कोणता, हे तो विसरला आहे. त्याने शब्बाथ कधी पाळावा? राव हुना यांचे मत असे की त्याने सहा दिवस मोजावेत आणि सातवा पाळावा. हिय्या बार राव म्हणतात, त्याने आधी एक दिवस पाळावा, मग सहा मोजावेत. पहिल्या मतामागे सृष्टीच्या निर्मितीचा क्रम आहे. दुसऱ्यामागे आदिमानवाचा अनुभव आहे, कारण तो सहाव्या दिवशी निर्माण झाला आणि त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस शब्बाथच होता. चर्चा येथेच थांबत नाही. आपली मोजणी चुकली असण्याची शक्यता या माणसाला नेहमीच असल्याने त्याने प्रत्येक दिवशी जगण्यापुरतेच काम करावे, स्वतः मोजलेल्या सातव्या दिवशीही तेवढे करावे, आणि त्या दिवसाचे वेगळेपण केवळ प्रार्थनेने राखावे, असा निर्णय पुढे येतो.

साहित्याच्या अभ्यासकाला या चर्चेत दोन गोष्टी लक्षणीय वाटतील. एक, नियमाचा निर्णय येथे कथेच्या आधारे होतो : सृष्टीची कथा प्रमाण मानायची की आदिमानवाची, यावर सातवा दिवस ठरतो. रॉबर्ट कव्हर यांनी १९८३ मधील ‘नोमोस अँड नॅरेटिव्ह’ या निबंधात नियमव्यवस्था आणि तिला अर्थ देणारी कथने यांचे अभेद्य नाते मांडले, त्याचा हा बोलका नमुना आहे. दुसरी गोष्ट अशी की वाळवंटातला हा माणूस एकटा आहे. त्याला वार सांगणारा कोणी शेजारी नाही. या दुसऱ्या मुद्द्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

वाळवंटानंतर ध्रुवप्रदेश आला. जेथे सूर्य कित्येक आठवडे मावळत नाही, तेथे दिवस कसा मोजावा? एकोणिसाव्या शतकात डान्झिग येथील इस्रायल लिपशुट्झ यांनी, प्रवाशाने आपण जेथून निघालो त्या ठिकाणचे घड्याळ धरावे, असे सुचवले. अंतराळात हाच मार्ग उपयोगी पडला. १६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यानातून पहिले इस्रायली अंतराळवीर इलान रामोन गेले. आपल्या कल्पना चावलाही त्याच यानात होत्या. यान सुमारे दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करीत असे, म्हणजे एका दिवसात सोळा सूर्योदय. सूर्यास्त मोजून शब्बाथ पाळायचा तर तो दर साडेदहा तासांनी आला असता. रब्बींशी विचारविनिमय होऊन उड्डाणस्थळाचे, म्हणजे फ्लोरिडातील केप कॅनव्हेरलचे घड्याळ प्रमाण मानण्यात आले. रामोन स्वतः कर्मठ नव्हते. तथापि आपण सर्व ज्यूंचे प्रतिनिधी आहोत या भावनेने त्यांनी कोशेर अन्न मागून घेतले आणि बेर्गेन-बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेले तोराचे एक लहानसे गुंडाळपत्र बरोबर नेले. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले. तो शनिवार होता.

श्रद्धा आणि नियमाचे आचरण या दोन गोष्टी नेहमी एकत्रच असतात असे नाही, हे रामोन यांच्या उदाहरणातून दिसते. नियम पाळणे हे येथे एका समूहाशी असलेले नाते बोलून दाखवण्याचे साधन, एक चिन्हव्यवस्था झाले आहे. धर्माचरणाचा विचार साहित्यात करण्यासाठी लेखकाने श्रद्धाळू असावे लागत नाही, हा याचा आपल्या दृष्टीने निष्कर्ष.

३

विज्ञानकथेने हा विषय कसा हाताळला? १९७४ मध्ये जॅक डॅन यांनी संपादित केलेला ‘वाँडरिंग स्टार्स’ हा ज्यू विज्ञानकथा व अद्भुतकथांचा संग्रह निघाला. त्यात विल्यम टेन यांची शुक्रावर घडणारी एक कथा आहे. शुक्रावर ज्यूंची परिषद भरते. दूरच्या ताऱ्याच्या परिसरातून काही प्रतिनिधी येतात. दिसायला ते उशीसारखे, तपकिरी, स्पर्शिका असलेले प्राणी. आम्ही ज्यू आहोत, असा त्यांचा दावा. परिषद हादरते. अखेर शुक्रावरच्या एका साध्या रब्बीवर निर्णय येऊन पडतो. ही हकीगत सांगतो टीव्ही दुरुस्त करणारा एक संसारी माणूस, घरात पाहुण्यांची गर्दी झाल्याची कुरकुर करीत.

डार्को सुव्हिन यांनी विज्ञानकथेचे लक्षण सांगताना बुद्धिगम्य अपरिचितीकरणाची कल्पना मांडली : ओळखीचे जग एखाद्या नव्या तत्त्वाच्या योगाने अनोळखी करावयाचे, म्हणजे ते नव्याने दिसते. टेन यांच्या कथेत असे नवे तत्त्व यंत्र नाही, ग्रहही नाही. ‘आम्हीही तुमचेच’ हा दावा हेच ते तत्त्व होय. शुक्रावरील हवामान, प्रवासाची साधने यांबद्दल कथा पुरेसे सांगते, पण तिचा ताण वादविवादात आहे. आईवरून ठरवायचे की आचारावरून? पूर्वजांची कागदपत्रे हवीत की सोसलेले भोग पुरेत? शेवटी रब्बी एकच एक लक्षण न लावता, ज्यू असण्याचे प्रकार असू शकतात आणि हे पाहुणे त्यांतल्या एका प्रकारात बसतात, अशा आशयाचा तोडगा काढतो. तोडगा चातुर्याचा आहे आणि वाचक हसतो. पण त्या हसण्यात अस्वस्थता आहे. मान्यता मिळाली, ती वेगळ्या खात्यावर.

ही कथा निव्वळ कल्पनाविलास आहे असे अमेरिकी वाचकाला वाटू शकेल. मराठी वाचकाला तसे वाटण्याचे कारण नाही. कथा निघाली त्याच्या दहा वर्षे आधी हाच दावा, हाच वाद आणि जवळपास हाच तोडगा जेरुसलेममध्ये प्रत्यक्ष घडून गेला होता, आणि दावा करणारे लोक मराठी बोलत होते.

४

बेने इस्रायल समाजाची मूळकथा जहाजफुटीची आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, असे परंपरा सांगते. या घटनेचा काळ कोणता याविषयी मतभेद आहेत आणि प्रस्तुत विवेचनासाठी तो निर्णायकही नाही. कथेची रचना महत्त्वाची आहे : ग्रंथ नाही, पुरोहित नाही, पंचांग नाही, मायदेशाशी संपर्क नाही. विज्ञानकथेतील ‘दुर्घटनाग्रस्त यान’ या आकृतिबंधाशी तिचे साम्य सांगावे लागू नये.

या समाजाने किनाऱ्यावरच्या गावांत तेलाचे घाणे चालवले, गावांच्या नावांवरून राजपूरकर, केहीमकर, दिवेकर अशी आडनावे घेतली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. एका धर्मनियमाचे हे मराठी नामकरण आहे. आचाराचे कारण शेजाऱ्यांना ठाऊक नव्हते, आचार मात्र दिसत होता. त्यांनी तो वार आणि तो धंदा एकत्र करून नाव दिले. या नावात एक योगायोगही दडलेला आहे. हिब्रू भाषेत शनी ग्रहाचे नाव ‘शब्बताई’. ते शब्बाथवरून आले. मराठीत वाराला ग्रहाचे नाव मिळाले, हिब्रूत ग्रहाला वाराचे.

आता वाळवंटातल्या माणसाशी कोकणातल्या तेल्याची तुलना करावी. तालमुदातला माणूस वार विसरतो, कारण त्याच्याभोवती कोणी नाही. कोकणातला तेली वार विसरू शकत नव्हता. भोवतालचा समाजही सात वारांचा आठवडा मानत होता. बाजार, उपवास, देवाला तेल घालणे, सारे वारांवर चालत होते. त्याचा शब्बाथ शेजाऱ्यांच्या शनिवाराने राखला. सणांचेही असेच. हिब्रू आणि मराठी दोन्ही पंचांगे चांद्रमासांची, अधिकमासाने सूर्याशी मेळ घालणारी. त्यामुळे फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येणारा पुरीम ‘होळीचा सण’ झाला.

हायिम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात या सणांची नावे येतात. नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण. साहित्याच्या अभ्यासकाने ही नावे एक संहिता म्हणून वाचण्यासारखी आहेत. दारफळणी म्हणजे दारे लावून घेणे. प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, माणसे घराची दारे लावून राहत. अनाशी ढाकाचा सण म्हणजे आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. वल्हांडणाच्या काळात, म्हणजे मिसरमधून झालेल्या सुटकेच्या स्मरणाच्या सणात, आंबवलेले पदार्थ वर्ज्य असतात. नियमाचे कारण सांगणारी कथा विस्मृतीत गेली, पण भांडे झाकण्याची कृती उरली आणि तिनेच सणाला नाव दिले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन वालाच्या बिरड्याच्या नावाने ओळखला गेला.

कव्हर यांची मांडणी येथे थोडी दुरुस्त करावी लागते. कथन गळून पडल्यावर नियम लगेच मरत नाही; तो क्रियापदात जाऊन राहतो. झाकणे, दार लावणे, घाणा थांबवणे, भिजवणे आणि सोलणे. ही क्रियापदे बहुतांशी घरातली आहेत, म्हणजे त्यांचा सांभाळ स्त्रियांनी केला असला पाहिजे. ग्रंथ हरवलेल्या समाजात स्वयंपाकघर हेच ग्रंथालय होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचेल’ (२००६) या इंग्रजी कादंबरीत अलिबागजवळच्या गावातील एक एकाकी बेने इस्रायल स्त्री सिनेगॉग राखते, आणि तेथे पाककृतींना जे स्थान मिळाले आहे त्यामागे हेच भान दिसते.

अर्थात काही गोष्टी शब्दरूपानेही राहिल्या. ‘शेमा’ ही प्रार्थना टिकली आणि ती प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई. सुंता टिकली; खवले आणि पर नसलेले मासे न खाण्याचा नियम टिकला. हनुक्का मात्र माहीत नव्हता. पुढे डेव्हिड राहाबी यांनी शिकवण दिली असे परंपरा सांगते; त्यांचा काळही वादग्रस्त आहे. १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग उभे राहिले, आणि त्याला लोक मराठीत ‘मशीद’च म्हणत राहिले. एकोणिसाव्या शतकात ग्रंथ परत आले, पण ते मराठीतून : १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची ‘हागादा’ मराठी भाषांतरासह निघाली, १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हागादात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया भारतीय वेषात जमिनीवर बसलेल्या दाखवल्या आहेत. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. शतकाच्या अखेरीस बेने इस्रायल कीर्तनकार बायबलातील आख्याने मराठी कीर्तनाच्या चालीवर उभी करू लागले. कथने परत आली, आणि ती क्रियापदांना येऊन मिळाली.

५

येथवरचा इतिहास सुखान्त वाटेल. तो तसा नाही, कारण परग्रहाच्या कथेचा दुसरा अंक परतीचा असतो.

इस्रायलच्या स्थापनेनंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने तिकडे गेले. तेथे काही रब्बींनी त्यांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. शंका अशी की, इतका काळ धर्मपीठांपासून दूर राहिलेल्या या लोकांनी घटस्फोट आणि पुनर्विवाहाचे नियम काटेकोर पाळले असतील काय? १९६१ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने विवाह वैध असल्याचा निर्णय दिला; परंतु १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांनी काढलेल्या सूचनापत्रात बेने इस्रायल वधूवरांच्या आईकडील पूर्वजांची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्यास सांगितले गेले. समाजाने आंदोलन केले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेची खास बैठक झाली आणि बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असे जाहीर झाले. सूचनापत्रातील समाजाचे नाव वगळून, ज्याच्याविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, अशी शब्दयोजना करण्यात आली.

टेन यांची कथा या घटनेवर बेतलेली आहे, असा माझा दावा नाही. मात्र दोन्ही समोरासमोर ठेवल्या म्हणजे कथेची मर्यादा दिसते. कथेत निर्णयाचा भार एका शहाण्या रब्बीवर आहे आणि त्याच्या चातुर्याने प्रश्न मिटतो. इतिहासात प्रश्न मिटवण्यासाठी लोकांना रस्त्यावर बसावे लागले. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये मांडलेली अर्थनिर्णायक समूहाची कल्पना, म्हणजे संहितेचा अर्थ तिचे वाचन करणारा समूह ठरवतो हे प्रतिपादन, आपल्याकडे बरेच चर्चिले गेले. पण समूहाचे सभासद कोण, हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाला त्यात समाधानकारक उत्तर नाही. कव्हर यांना ते अधिक दिसले होते. न्यायपीठ नियमाचे अर्थ निर्माण करते त्याहून अधिक वेळा ते इतर अर्थ मारून टाकते, हे त्यांचे निरीक्षण आहे. झाकलेल्या भांड्यात टिकलेला अर्थ चौकशीच्या कागदावर दिसत नाही.

तरीही बेने इस्रायलांची कथा निष्पाप बळीची म्हणून रंगवणे चुकीचे होईल. या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. ज्यांची आई समाजाबाहेरची मानली जाई त्यांच्याशी लग्नव्यवहार वर्ज्य असे. म्हणजे जो प्रश्न जेरुसलेमने त्यांना विचारला तोच त्यांनी आपल्यांतील काहींना विचारला होता. भोवतालच्या जातिव्यवस्थेने शनिवार दिला तसा हा भेदही दिला, किंवा निदान त्याला बळ दिले. शेजाराकडून आधार घेणाऱ्याला शेजाराचे दोषही घ्यावे लागतात.

६

आता आपल्या विज्ञानकथेकडे वळू. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती पारितोषिकप्राप्त ठरली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. ‘वाँडरिंग स्टार्स’ आणि ‘कृष्णविवर’ एकाच वर्षातील आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत मोबियस पट्टीच्या तत्त्वाने डाव्याउजव्याची अदलाबदल होते आणि त्याची खूण म्हणून गणपतीच्या मूर्तीची सोंड दिशा बदलते. मराठी वाचकाच्या घरात असलेली वस्तू घेऊन अमूर्त भूमितीचे तत्त्व डोळ्यांसमोर उभे करणारी ही कल्पना निःसंशय प्रतिभेची आहे.

परंतु उजव्या सोंडेचा गणपती ही आपल्याकडे केवळ भौमितिक वस्तू नव्हे. तो ‘कडक’ मानला जातो. त्याचे सोवळे, नैवेद्य, पूजेचे नेम काटेकोर असावे लागतात असा लोकसमज आहे. मूर्तीची सोंड वळली तर मूर्ती असलेल्या घराची कर्तव्येही वळली काय? जिची प्रतिष्ठापना डाव्या सोंडेची म्हणून झाली तिला आता कोणता नेम लागू? ज्यू परंपरेत वाढलेल्या लेखकाला हा प्रश्न सुचल्यावाचून राहिला नसता, आणि कदाचित त्याची कथा तेथूनच सुरू झाली असती. नारळीकरांच्या कथेत मूर्ती पुरावा आहे. ती नियमाचे केंद्र नाही. हा दोषारोप नव्हे. त्या कथेचा हेतू वेगळा होता, आणि वैज्ञानिक दृष्टीचा प्रसार हे त्या पिढीने स्वीकारलेले कार्य मोलाचे होते. प्रश्न पुढच्यांचा आहे : अंधश्रद्धेला विरोध करताना आचार या मानवी वस्तूकडेच आपली विज्ञानकथा पाठ तर फिरवत नाही ना?

आपल्या परंपरेत निर्णयाची सामग्री नव्हती, असे म्हणता येणार नाही. कमलाकर भट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ (१७९०) हे ग्रंथ व्रताच्या दिवसाचे निर्णय सांगण्यात गढलेले आहेत. संकल्पात कर्ता आपले स्थळ उच्चारतो : द्वीप, वर्ष, नदीचे तीर. नरखेडचा यजमान गोदावरीच्या उत्तरेचा असतो आणि तसे त्याला म्हणावे लागते. सूर्योदयाचेच घ्या. रेखांशाच्या हिशेबाने नरखेडला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २३ मिनिटे आधी उगवतो. दशमी या २३ मिनिटांच्या मध्ये संपली, तर नरखेडच्या सूर्योदयाला दशमी असेल आणि मुंबईच्या सूर्योदयाला एकादशी. मुंबईसाठी मांडलेले पंचांग नरखेडच्या भिंतीवर टांगले की परग्रहाचा प्रश्न घरातच उपस्थित होतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नाला इतका जवळचा आधार होता.

मग ही सामग्री कथेत का आली नाही? एक कारण मला असे दिसते. दूरदेशी जाण्याच्या प्रश्नाला आपल्या धर्मशास्त्राने दिलेले ठळक उत्तर निषेधाचे होते. द्विजांचे समुद्रयान कलिवर्ज्यात घातले गेले. म्हणजे तेथे कसे वागावे हे सांगण्याऐवजी जाऊ नये असे सांगितले गेले. जाणारे गेलेच, परत आल्यावर प्रायश्चित्ताचे वाद झाले, आणि सुधारकांनी अखेर तो नियमच बाजूला सारला. यात मुक्ती होती हे निर्विवाद. पण त्यामुळे प्रवासी आणि आचार यांची फारकत झाली : आचार पाळणारा घरी राहिला आणि प्रवास करणारा आधुनिक झाला. आपल्या विज्ञानकथेतील अंतराळवीर या दुसऱ्या माणसाचा वंशज आहे. त्याच्याजवळ सूत्रे आहेत, वार नाही.

आज परदेशातील मराठी कुटुंबे आपापल्या गावच्या सूर्योदयाप्रमाणे मांडलेले पंचांग पाहतात आणि गणपती कोणत्या दिवशी बसवायचा यावर चर्चा करतात. फारकत तेथे संपत आली आहे. या अनुभवाला कथारूप देणाऱ्या लेखकाला आदर्शासाठी अमेरिकी विज्ञानकथेकडे जाण्याची गरज नाही. मराठीत शब्बाथ पाळलेल्या, आणि इस्रायलमध्ये गेल्यावरही मराठी नियतकालिक चालवलेल्या समाजाचा इतिहास त्याच्यासमोर आहे.

७

देशीवादाच्या चर्चेत स्थळाचे महत्त्व आपण पुष्कळ बोललो. त्या चर्चेत स्थळ म्हणजे प्रायः स्वतःचे मूळ. बेने इस्रायलांचा अनुभव स्थळाची आणखी एक बाजू दाखवतो : ज्याचे मूळ अन्यत्र आहे त्यालाही स्थळ आधार देते, त्याच्या नियमाला शब्द देते, त्याचा वार राखते. त्यांची धर्मभाषा हिब्रू, पण त्यांच्या सणांची नावे मराठी. आणि त्या मराठी नावांनीच ग्रंथ नसलेल्या काळात हिब्रू नियम जिवंत ठेवला. मराठीचे हे कार्य आपल्या वाङ्मयेतिहासांच्या नोंदीत पुरेसे आलेले नाही. सणांची ही नावे, हागादांची भाषांतरे, बेने इस्रायल कीर्तनांची आख्याने हे मराठी साहित्याच्या अभ्यासाचे विषय आहेत; ते केवळ धर्मेतिहासकारांवर सोपवता येणार नाहीत.

विज्ञानकथेपुरता निष्कर्ष असा. परग्रहावरील माणसाची कथा लिहिताना हवेचा दाब आणि इंधनाचे गणित जसे सांभाळावे लागते, तसेच दोन प्रश्नही सांभाळावे लागतील : तेथे त्याला वार सांगणारा शेजारी कोण, आणि परतल्यावर त्याची वंशावळ मागणारा स्वकीय कोण. ज्या कथेत या दोन्ही पात्रांना जागा नाही, तिच्यातला ग्रह कितीही दूरचा असला तरी त्यावर अजून कोणी राहायला गेलेले नाही.

त्या विद्यार्थिनीला मी उत्तर दिले नव्हते. आता द्यायचे तर इतकेच देता येईल : मंगळावर एकादशी कोणत्या दिवशी, हे मंगळावर तुझ्या शेजारी कोण राहते त्यावर बरेचसे अवलंबून असेल, आणि ती एकादशी खरी होती काय, हे नरखेडला परतल्यावर गावकरी तुला विचारतील. त्या वेळी देण्याचे उत्तर आतापासून तयार ठेवावे.